जाळ्याला भोक ठेवलं म्हणून पिल्लू बाहेर पडत नाही

नागपूरला तेलंगखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात, म्हणजे बोटीमागून ओढायच्या जाळ्यात, बायकॅच रिडक्शन डिव्हाइस, म्हणजे नको असलेली मासळी बाहेर सोडणारं बीआरडी, बसवलं की लहान मासे बाहेर पडतात असं पुस्तकात लिहिलेलं असतं; पण ते नेमके कसे पडतात? भोक सगळ्यांनाच दिसतं, मग कोळंबी का निघून जात नाही? आणि समुद्र शेकडो किलोमीटर लांब असताना यावर प्रकल्प करायचा तर काय करायचं?

भोक ही यातली सगळ्यात शेवटची गोष्ट आहे. पिल्लू बाहेर पडायला आधी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. त्याला दम घेता येईल असं संथ पाणी हवं, त्या संथ पाण्याला लागूनच वाट हवी, आणि मासळीच्या गोळ्याखाली दबण्याआधी थोडा वेळ मिळायला हवा. बोटीवर फसलेली बहुतेक बीआरडी पहिल्या गोष्टीतच फसलेली असतात.

आधी वेगाचा हिशोब करू. कोळंबीचा ट्रॉलर साधारण दोन ते अडीच नॉटने जाळं ओढतो. अडीच नॉट म्हणजे सेकंदाला जवळपास १.३ मीटर. जाळ्यासोबत राहायचं तर माशाला तेवढ्याच वेगाने पोहावं लागतं. ३० सें.मी.चा मासा सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या सव्वाचार पट अंतर कापून हे काही मिनिटं निभावतो. १० सें.मी.च्या पिल्लाला त्याच वेगासाठी सेकंदाला १३ लांब्या हव्यात. लहान माशाची जीव खाऊन मारलेली धाव साधारण दहा लांब्यांच्या आसपास असते, तीही काही सेकंदांचीच. ही धाव पांढऱ्या स्नायूंवर चालते आणि ते लवकर थकतात. दीर्घकाळ पोहायचं काम तांबड्या स्नायूंचं, आणि त्यांचा वेग कमी. थोडक्यात, जाळ्याच्या तोंडाशी मोठा मासा बराच वेळ पुढे-पुढे पोहत राहतो आणि दमला की मागे सरकतो. पिल्लू मात्र जवळजवळ थेट वाहत खोळीपर्यंत येतं. खोळ म्हणजे जाळ्याची शेवटची पिशवी, जिथे मासळी साठते.

मग ते सुटतं कसं? माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा पाण्याचा दाब आणि वेग सतत मोजत असते. वेगवान पाण्याशेजारी संथ पाणी लागलं की मासा त्यात शिरतो आणि तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. पेंचच्या पाण्यात दगडाच्या आड चिलापी उभी राहते तसंच. समजा वाटेजवळच्या पाण्याचा वेग सेकंदाला ०.४ मीटर झाला, तर १० सें.मी.च्या पिल्लाला फक्त चार लांब्यांचा वेग लागतो. आता त्याला आजूबाजूला पाहायला, बाजूला वळायला फुरसत आहे. बीआरडीची कारागिरी ही असली आडोशाची जागा तयार करण्यातच असते.

कोळंबीकडे ही क्षमताच नाही. ती शेपूट आपटून मागे उडी मारते, अशा काही उड्या मारते आणि थकते. त्या उड्यांना ठरलेली दिशा नसते, प्रवाहाविरुद्ध टिकून पोहणं तिला जमत नाही. त्यामुळे ती जाळ्याच्या तळाला घासत पाण्याबरोबर खोळीत जाते. म्हणून बहुतेक वाटा जाळ्याच्या वरच्या बाजूला ठेवतात. भोक कोळंबीलाही असतंच, पण तिथवर चढून जाऊन थांबायचं बळ तिच्यात नसतं. याची दुसरी बाजू अशी, की तळाला चिकटून राहणारे मासे, लेपीसारखे, वरच्या वाटेचा फायदा फारसा घेत नाहीत. राणी मासा, ढोमा यांना तो जास्त होतो.

वाटेच्या आकाराचं गणित मात्र नागपुरात बसून डोळ्यांनी पाहता येतं. कळमन्याच्या बाजारातून संत्र्याची जाळीदार पिशवी आणा. रिकामी पिशवी लांबीच्या दिशेने ताणा: शंकरपाळ्याच्या आकाराचे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, मिटून काडीसारखे होतात. आता तळाशी दोन किलो संत्री टाका आणि तोंडाला धरून उचला. संत्र्यांभोवतीचे आस उघडतील, पण ते संत्र्यांनीच झाकलेले असतील. वरचा गळा मिटलेलाच राहील. मधे, संत्र्यांच्या ढिगाच्या अगदी वर, तीन-चार ओळी अशा दिसतील की ज्या उघड्याही आहेत आणि मोकळ्याही. ट्रॉलच्या खोळीत अगदी हेच होतं. शंकरपाळी आसाच्या खोळीतून जे काही मासे सुटतात ते मुख्यतः गोळ्याच्या पुढच्या या थोड्या ओळींमधून सुटतात. बाकीची सगळी खोळ कागदावर कितीही मोठ्या आसाची असली तरी पाण्यात बंद असते.

आकडे घ्या. आस ४० मि.मी.चा, म्हणजे ताणून गाठ ते गाठ ४०. प्रत्येक बाजू २० मि.मी. तो शंकरपाळीसारखा लावला आणि ओढीने रुंदी ८ मि.मी.वर आली, तर उंची साधारण ३९ राहते. त्यातून ज्याची जाडी ८ मि.मी.पेक्षा कमी आहे असाच गोल अंगाचा मासा जाईल, घेर सुमारे २५ मि.मी. तेच जाळं ४५ अंशात फिरवून चौकोनी लावलं की ओढ दोन बाजूंवरून जाते, उरलेल्या दोन आडव्या राहतात आणि भोक २० बाय २० उघडंच राहतं. २० मि.मी. जाडीचा, म्हणजे सुमारे ६३ मि.मी. घेराचा मासा त्यातून निघतो. धागा तोच आणि आसही तोच. कापण्याची दिशा तेवढी बदलली.

म्हणूनच कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने मासळीच्या ट्रॉलसाठी ४० मि.मी. चौकोनी आसाची खोळ सुचवली. स्वस्तात जास्तीत जास्त पिल्लं वाचवणारं साधन माझ्या मते अजूनही हेच. लोखंड लागत नाही, फ्लोट लागत नाहीत, डेकवर वेगळं काही सांभाळावं लागत नाही.

पण पापलेटला ते लागू पडत नाही, आणि हे फार कमी ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे आणि त्याची पकडण्यायोग्य किमान लांबी १३५ मि.मी. ठरवलेली आहे. हा मासा अंगाने चपटा आणि उभा. त्याची उंची लांबीच्या निम्म्याहून जास्त असते. १३५ मि.मी.चा पापलेट किमान ६७-६८ मि.मी. उंच धरा. तो चौकोनी आसातून जायचा तर तिरका होऊन कर्णातून जाणार. ४० मि.मी. आसाचा कर्ण फक्त २८ मि.मी. कर्ण ६७ हवा असेल तर बाजू ४७-४८ आणि आस ९५ मि.मी. लागतो. एवढ्या आसाच्या खोळीत एकही कोळंबी राहणार नाही. उभ्या चपट्या माशाला उलट शंकरपाळी आसच जास्त सोयीचा. पापलेटची पिल्लं वाचवायची तर ती ज्या पाण्यात आणि ज्या महिन्यांत असतात तिथे जाळं न टाकणं, हाच खात्रीचा उपाय. तिथे आसाच्या भरवशावर राहू नये. वाकटीचीही तऱ्हा निराळी. लांब पट्टीसारखा मासा अर्धा आत अर्धा बाहेर असा आसात अडकतो, आणि अशा दहा-वीस वाकट्या लागल्या की मागच्यांची वाट बंद.

आता साधनांकडे. फिश-आय हे सगळ्यात साधं: आठ-दहा मि.मी. जाडीच्या स्टेनलेस सळीचा, डोळ्याच्या आकाराचा साचा, साधारण ३०० बाय २०० मि.मी. तोंडाचा, खोळीच्या वरच्या पापुद्र्यात शिवलेला. त्याचं तोंड जाळ्याच्या पुढच्या दिशेला उघडतं. म्हणजे आत वाहत आलेल्या माशाला वळून, प्रवाहाविरुद्ध पोहत जाऊन बाहेर पडावं लागतं. ही रचना उलटी वाटते खरी, पण साच्यामुळे जाळ्याचा तेवढा भाग उचलला जातो आणि त्याच्या मागे पाणी संथ होतं. मासा तिथे थांबतो, मग पुढे सरकून निघतो. कोळंबीला हे जमत नाही, म्हणून ती राहते. जागा चुकली की मात्र सगळं फसतं. खोळीच्या बांधणीपासून फार पुढे बसवला तर पिल्लू त्याच्यासमोरून झपकन वाहून जातं. फार मागे बसवला तर गोळा वाढत-वाढत साच्यापर्यंत येतो आणि कोळंबी पहिल्या मोठ्या लाटेला बाहेर सांडते. म्हणून आपल्या बोटीच्या सर्वात मोठ्या ओढीत गोळा किती लांबीचा होतो ते मोजावं, आणि साचा त्याच्या पुढे पण शक्य तितका जवळ घ्यावा. दुसऱ्याच्या बोटीवरचं माप उचलून आणू नये.

चौकोनी आसाची खिडकी म्हणजे वरच्या बाजूला मोठ्या चौकोनी आसाचा तुकडा. तिथेही वरचंच तत्त्व: गोळ्याजवळ असेल तर चालते, कारण गोळ्यापुढे पाणी अडून बाजूला फाकतं, आणि ते पाणीच पिल्लाला आसाकडे ढकलतं. रेडियल एस्केप सेक्शनमध्ये आत नरसाळ्यासारखी जाळी असते. नरसाळ्यात पाणी जोरात जातं, त्याच्याबाहेर भोवती संथ कडं तयार होतं, आणि त्या कड्याला मोठ्या चौकोनी आसाची भिंत असते. नरसाळ्यातून सुटलेला मासा मागे वळून त्या कड्यात शिरतो. माझ्या पसंतीचं हे साधन, पण नरसाळं फाटलं की त्याचा उपयोग शून्य, आणि ते आत असल्याने फाटलेलं दिसत नाही.

जाळीदार सळ्यांची चौकट, म्हणजे ग्रिड, वेगळ्या तत्त्वावर चालते. नॉर्वेतल्या कोळंबी बोटींवर १९९०च्या दशकापासून वापरात असलेल्या ग्रिडमध्ये सळ्यांत १९ मि.मी. फट असते, कोळंबी फटीतून मागे जाते, मासा सळ्यांवरून वर घसरून वरच्या भोकातून बाहेर. यात एक जागा कच्ची आहे. कोळंबीएवढंच किंवा तिच्याहून बारीक पिल्लू त्याच फटीतून खोळीत जातं. आपल्याकडच्या उष्ण पाण्यात पिल्लं आणि कोळंबी यांची मापं एकमेकांत मिसळलेली असतात, म्हणून नुसतं ग्रिड पुरत नाही. कोचीच्या संस्थेने याच अडचणीवर ज्युव्हेनाइल फिश एक्सक्लूडर कम श्रिम्प सॉर्टिंग डिव्हाइस बनवलं: ग्रिडच्या खालून कोळंबी बारीक आसाच्या खालच्या खोळीत, आणि वरून मासे मोठ्या आसाच्या वरच्या खोळीत, विकता येणारा मासा तिथे राहतो, पिल्लं त्या मोठ्या आसातून निघतात. २००५ साली वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचरच्या स्मार्ट गिअर स्पर्धेत त्याचा गौरव झाला. मच्छीमाराला विकाऊ मासा हातचा जात नाही, हा त्याचा खरा गुण. कासवांसाठीचं टीईडी, म्हणजे जाळ्यात शिरलेलं कासव बाहेर काढणारी सळ्यांची चौकट, हे याहून निराळं. अमेरिकी नियमाप्रमाणे त्यातल्या सळ्यांची फट जास्तीत जास्त चार इंच, म्हणजे दहा सें.मी. असते. तेवढ्या फटीतून पिल्लं सरळ आत जातात. टीईडी लावलं म्हणजे पिल्लं वाचली, असा समज असेल तर तो सोडून द्या.

ग्रिडचा कोन बघत राहावा लागतो. साधारण ४५ अंश हे बरं काम करणारं माप. कोन फार उभा झाला तर कचरा आणि मासे सळ्यांना चिकटून बसतात, पाणी अडतं. फार आडवा झाला तर कोळंबी सळ्यांवरून घसरत थेट भोकातून जाते, आणि मग खलाशी पहिल्याच दिवशी साधनाला शिव्या देतात. नवीन जाळं आठवडाभरात ताणतं आणि कोन पडतो. म्हणून जाळं दोरीने टांगून, सळ्यांना कोनमापक लावून तो दर फेरीआधी पाहावा. लोखंडाचं वजन तोलणारे फ्लोट शाबूत आहेत का, तेही तेव्हाच. एक फ्लोट गेला की चौकट कलते, आणि खोळ अर्ध्या पिळात गेली तर वरची वाट तळाला येते. मग मासा थांबतो आणि कोळंबी निघून जाते.

चौकोनी खोळ शिवताना चुका होतात त्या जोडावर. शंकरपाळी जाळ्याचा आस जोडाच्या जागी पाव उघडा धरला तर ४० मि.मी. आसाची रुंदी १० मि.मी. होते, म्हणजे दोन आसांना चौकोनी जाळ्याची एक २० मि.मी. बाजू. हे प्रमाण मोडून चौकोनी भाग अरुंद केला तर मासळी जोडावर अडते. सैल केला तर त्याला घड्या पडतात आणि चौकोन चौकोन राहत नाही. गाठीचं जाळं असेल तर गाठी सरकून आस तिरपे होतात. बिनगाठीचं किंवा गाठी उष्णतेने घट्ट केलेलं घ्यावं. धागा उगाच जाड घेतला तर आस कडक होतो आणि त्याच मापाच्या आसातून कमी मासे निघतात.

आणि मग एक वावभर सुतळी. खोळीवर दुसरी खोळ चढवणं, घासू नये म्हणून बारीक आसाचं आवरण लावणं, फिश-आयचं तोंड सुतळीने शिवून टाकणं, हे सगळं बंदरात शिरताना सोडवता येतं. फिशमीलला जाणाऱ्या बारीक मासळीला भाव मिळत असेल तोवर ही सुतळी निघणार नाही. त्यात अभियांत्रिकीचा दोष नाही.

जाळं वर घेताना काय होतं ते वेगळं समजून घ्यावं लागतं. ओढ थांबून विंच सुरू झाली की पाण्याचा वेग पडतो. इतका वेळ दमलेली पिल्लं एकदम पुढे पोहू लागतात, आणि बऱ्याच साधनांत सुटकेचा मोठा हिस्सा याच काही मिनिटांत होतो. पण बोट पूर्ण थांबवली तर खोळीतलं पाणी पुढे उसळतं आणि कोळंबीही वरच्या भोकातून सांडते. म्हणून जाळ्याचं तोंड पसरून धरणाऱ्या फळ्या वर येईपर्यंत बोटीला थोडी चाल ठेवावी. पृष्ठभागाजवळ सुटलेल्या पिल्लाचं पुढे काय होतं, हाही प्रश्न आहे. आसाला घासून खवले गेलेले, दमलेले मासे पक्ष्यांना आणि मोठ्या माशांना आयते मिळतात. तारलीच्या जातीच्या माशांचे खवले हात लावला तरी गळतात. असे मासे सुटूनही वाचतीलच असं नाही. तळाशी, ओढीच्या सुरुवातीला सुटलेलं पिल्लू केव्हाही जास्त तगतं. लहान ओढी घेण्याचं हे एक चांगलं कारण.

उजेडाचाही यात हात असतो. मासा डोळ्यांनी जाळ्याचा पट्टा धरून त्याच्यासोबत पोहतो. रात्री किंवा गढूळ पाण्यात हे सुटतं. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावर कोळंबीच्या ट्रॉलच्या खालच्या काठावर दहा हिरवे एलईडी दिवे लावले तेव्हा युलाकॉन नावाच्या लहान माशाची नको असलेली पकड ९१ टक्क्यांनी घटली. तेच दिवे ग्रिडभोवती लावले तेव्हा ती १०४ टक्क्यांनी वाढली. दिवा मदत करतो की घात, ते जागेवर ठरतं. एखादी कंपनी दिवा विकायला आली तर तिला आधी एवढंच विचारा, की लावायचा कुठे.

साधन चाललं की नाही हे मोजायला खोळीवर बारीक आसाचं आवरण घालतात, सुटलेले मासे त्यात जमतात. आवरण खोळीपेक्षा लांबीला आणि रुंदीला किमान दीडपट हवं आणि कड्यांनी खोळीपासून लांब धरायला हवं. चिकटलं तर तेच वाट बंद करतं आणि निकाल खोटा येतो. मग प्रत्येक लांबीचे किती आत, किती बाहेर ते मोजायचं. समजा १२ सें.मी.चे १०० मासे आले, ४० खोळीत आणि ६० आवरणात. राखण्याचं प्रमाण ४० टक्के. ज्या लांबीला ते ५० टक्के होतं ती ५० टक्के राखण-लांबी. ट्रॉलचा आलेख इंग्रजी एससारखा चढतो. तलावांत तुम्ही पाहता त्या गिलनेटचा, म्हणजे माशाचा गळा आसात अडकवणाऱ्या जाळ्याचा, आलेख घंटेसारखा असतो, कारण तिथे फार लहान आणि फार मोठा, दोघेही निसटतात. हा फरक प्रकल्पात आधीच मांडा, परीक्षक तोच विचारतील.

नागपुरात करण्यासारखं काम दोन भागांत आहे. पहिला भोईपुऱ्याच्या मासळीबाजारात. बर्फातले राणी मासे आणि ढोमे, शक्यतो वेगवेगळ्या मापांचे, ३० ते ५० घ्या. प्रत्येकाची लांबी घ्या, आणि अंगाचा सर्वात मोठा घेर न ताणणाऱ्या दोऱ्याने मोजून पट्टीवर ठेवा. लांबी-घेराची रेघ काढली की ४० मि.मी. आसातून कोणत्या लांबीपर्यंतचा मासा निघेल याचा अंदाज येतो. पोट फुगलेले किंवा चिरलेले मासे वगळा, नाहीतर रेघ बिघडते.

दुसरा भाग पाण्याचा. उघड्या पन्हाळीत, १० सें.मी. रुंद आणि पाण्याची उंची १० सें.मी., सेकंदाला अर्ध्या मीटरचा वेग हवा असेल तर सेकंदाला ५ लिटर पाणी लागतं. साध्या पंपाच्या मागे लागू नका. ५०० लिटरची टाकी उंचावर ठेवा, ती १०० सेकंद पुरते, आणि निरीक्षणाला तेवढे पुष्कळ. वेग मोजायला एक मीटरवर दोन खुणा करा आणि थर्मोकोलचा कण सोडा. पृष्ठभागावरचा वेग सरासरीपेक्षा थोडा जास्त येतो, तेवढा वजा करा. ५-६ सें.मी.ची रोहूची बोटुकली एका वेळी दोनच सोडा. आधी मोकळ्या पन्हाळीत, मग भिंतीला ३ सें.मी. रुंदीची फळी उभी लावून. फळीमागच्या आडोशात ती किती सेकंदांत येतात आणि किती वेळ टिकतात ते मोबाइलवर चित्रित करा. मग आडोशाला लागून बाजूच्या भिंतीत जाळीची खिडकी ठेवा. आणि पुढच्या फेरीत तीच खिडकी आडोशापासून २० सें.मी. पुढे सरकवा. दोन फेऱ्यांतला फरक हाच तुमचा प्रकल्प. प्राण्यांवरच्या प्रयोगाची महाविद्यालयाची परवानगी आधी घ्या. नागपूरच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी दुपारी तापतं, त्यामुळे सकाळी लवकर काम उरका आणि एकदा पोहलेल्या बोटुकलीला त्या दिवशी पुन्हा पन्हाळीत सोडू नका. दमलेला मासा आडोशात येतो तो सवयीने की नाइलाजाने, हे चित्रफितीत कळत नाही.